लिंगविचार

मंगळवारी सात ते साडेआठ,
हल शहरात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
गुड्रुन पेट्झोल्ड टेबलावर मांडते
एक चमचा, एक काटा, एक सुरी.
कँटीनमधून मागून आणलीत,
परत द्यायची आहेत, हे आधीच सांगते.

चमचा डेर. काटा डी. सुरी दास.
म्हणजे तो, ती आणि ते.
कॉलिन, मासेमारी बोटींवरचा निवृत्त मेकॅनिक, विचारतो,
काट्यात बाईसारखं काय आहे?
गुड्रुन खांदे उडवते.
नावाबरोबर पाठ करा, म्हणते,
माणसाचं आडनाव करता तसं.

मी मागच्या बाकावर गालात हसते.
ह्यांना तिन्ही नवे; मी तिन्ही घेऊनच जन्मले.
पण माझा चमचा तो, काटाही तो,
आणि सुरी ती, धारेसकट.
गालातलं हसू तिथेच राहतं.

सूर्य त्यांच्याकडे बाई आहे.
हंबरच्या मुखावर नोव्हेंबरात
जेमतेम वर येणारी, आजारातून उठल्यासारखी.
हिला डी म्हणायला मला फार जड गेलं नाही.

घर मात्र दास. पुस्तक दास. पाणी दास.
तिन्ही वेळा मी वहीत कडेला टिंब दिलं,
परक्या गावात आपल्या आडनावाची पाटी दिसावी तसं.
पानही दास, पातंही दास.
मी कारखान्यात पवनचक्कीची पाती तपासते;
दुसऱ्या दिवशी ऐंशी मीटरचं एक पातं
टॉर्च लावून, बोटांनी चाचपताना
मी त्याला पहिल्यांदाच मराठीत म्हणाले:
बरं आहेस ना रे बाळा.

चहाच्या वेळी कॉलिन विचारतो,
तुमच्यातलं हे तुला कोणी शिकवलं?
कोणी नाही.
इचलकरंजीत कोणी सांगितलं नव्हतं
खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो.
चुकले असेन, कोणी हसलं असेल,
तेवढ्यावर भागलं असेल.

मग ओजस आठवतो.
पाच वर्षांचा, दप्तर टाकत ओरडायचा,
आई, मी आले!
मी म्हणायचे, आलो. मुलगे आलो म्हणतात.
आलो, म्हणायचा. हात धुवून येऊन,
आई, मी दमले.
मी पडले. मी रडले नाही.
त्याचा बाप सोडून गेला तेव्हा त्याला दात येत होते.
बोलायला लागला तेव्हा घरात
मराठी बोलणारं माणूस एकच उरलं होतं.

पुण्यात मावशीकडे सगळे हसले. मीही.
नंतर ओजस इंग्रजीत राहायला गेला.

जर्मनमध्ये, मी बघितलं, इश बिन गेकोमेन
मी म्हटलं काय, कॉलिनने म्हटलं काय, तेच.
चमच्याला विचारतात तू कोण, दाराला विचारतात,
मी म्हणणाऱ्याला सोडून देतात.

परीक्षेत शंभरात एकसष्ट.
दाराला मी आधी डेर लावलं, दरवाजा म्हणून.
खोडून दास, दार म्हणून.
उत्तर डी होतं.
गुड्रुनने लाल शाईत दुरुस्त केलं, शेजारी एक हसरा चेहरा काढला.

शुक्रवारी रात्री अ‍ॅबर्डीनहून मेसेज,
कितीतरी वर्षांनी मराठीत, रोमन अक्षरांत.
आई, मी पोचले.

मी पोचलो असं टाइप केलं,
सगळं पुसलं.
मग लिहिलं,
बरं. जेवून घे.